सार्वजनिक वाट आणि खासगी शिकार

सायकलस्वाराच्या गाऱ्हाण्याला आपल्या जगात फारसा मान नाही. मोटारवाल्याच्या लेखी तो वाट अडविणारा, पायी चालणाऱ्याच्या लेखी अंगावर येणारा, आणि पोलिसाच्या लेखी तर दंड करण्याच्याही योग्यतेचा न उरलेला असा एक उपेक्षित प्राणी होय. म्हणून गेल्या दहा वर्षांत त्याच्यावर जे एक नवे संकट कोसळले, त्याची वास्तपुस्त विनोदी चुटक्यांपलीकडे फारशी कोणी केली नाही, यात आश्चर्य नाही. पायी चालणारे व सायकलवरून जाणारे यांच्यासाठी म्हणून जी सामायिक वाट राखलेली असते, तिच्यावर हातातील मोबाईलच्या काचेत डोळे रोवून, अस्तित्वातच नसलेल्या प्राण्यांच्या मागे भटकणाऱ्या मंडळींचा सुळसुळाट, हे ते संकट. ही मंडळी चालतात, पण कोठे जावयाचे म्हणून नव्हे. थबकतात, पण समोर काही आडवे आले म्हणून नव्हे. आणि एकाएकी उजवीकडे वळतात ती उजवीकडे त्यांना असे काही दिसले म्हणून, की जे त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणासच दिसत नाही. घंटा वाजवावी तर ती त्यांच्या कानी पडत नाही. पडलीच तर दचकून, ज्या बाजूस सायकल वळविलेली असते नेमकी त्याच बाजूस ती उडी घेतात.

हा प्रकार हसण्यावारी नेणाऱ्यांस एक साधा हिशेब सांगावासा वाटतो. ताशी १८ किलोमीटर हा सायकलचा काही मोठा वेग नव्हे. कचेरीस वेळेवर पोहोचू पाहणारा कोणीही मध्यमवयीन गृहस्थ तो सहज गाठतो. या वेगाने सायकल एका सेकंदात ५ मीटर जाते. समोरचा मनुष्य आडवा आला हे ध्यानात येऊन ब्रेकवर बोटे आवळली जाईपर्यंत एक सेकंद जातो, आणि कोरड्या जमिनीवरदेखील सायकल उभी राहण्यास पुढे आणखी तीनचार मीटर लागतात. म्हणजे आठनऊ मीटरांच्या आत जो अकस्मात् आडवा येईल, त्यास चुकविणे हे कौशल्याचे नव्हे, दैवाचे काम. त्यातून ही वाट पुष्कळदा दोनतीन मीटरांहून रुंद नसते, आणि तिच्या एका अंगास कालवा, कठडा किंवा झुडपे असतात. टक्कर झाली म्हणजे दोघेही आपटतात. मात्र दोघांपैकी एकजण आपण कोठे चाललो आहोत हे पाहत होता, एवढाच काय तो फरक.

ज्या खेळामुळे हे घडले त्याचे नाव 'पोकेमॉन गो'. अमेरिकेतील नायँटिक नामक कंपनीने तो जुलै २०१६ मध्ये प्रथम ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अमेरिका या देशांत आणला. त्याच महिन्यात तो युरोपात व जपानात पोहोचला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये भारतात रीतसर अवतरला. घरी बसून खेळण्याचे खेळ पूर्वीही होते, आणि त्यांच्यामुळे मुलांचा अभ्यास व वडिलांची झोप यांखेरीज कशाची हानी होत नव्हती. या खेळाची गोम ही, की तो घरी बसून धड खेळताच येत नाही. खऱ्या जगातील पुतळा, कारंजे, स्मारकाची पाटी, बागेतील बाक अशी ठिकाणे त्यात 'पोकेस्टॉप' म्हणून नेमलेली असतात. तेथे देहाने उपस्थित झाल्याखेरीज खेळाची सामग्री मिळत नाही. अंडी उबवावयाची तर २, ५ किंवा १० किलोमीटर चालावे लागते. ही ठिकाणे कंपनीने स्वतः हिंडून शोधली असेही नव्हे. तिच्याच 'इन्ग्रेस' नावाच्या आधीच्या खेळात खेळाडूंनी आपापल्या गावातील लक्षणीय स्थळे सुचविली होती, त्यांतूनच बहुतेक आयती उचलण्यात आली. आता पुतळे, कारंजी आणि बाक कोठे असतात? जेथे मोटारींचा त्रास नसतो तेथे, म्हणजे बागांत, नदीकाठी, कालव्याच्या कडेने. आणि सायकलच्या वाटा कोठे काढतात? तेथेच. सायकलस्वार व शिकारी यांची गाठ पडली ती योगायोगाने नव्हे. खेळाच्या रचनेतच ती लिहिलेली होती.

यावर पहिला आक्षेप कायदेपंडितांचा. पादचाऱ्याचा वाटेवरील हक्क सर्वांत जुना; तो कसाही चालो, त्याला सांभाळून घेण्याचे ओझे वेगाने जाणाऱ्यावर, असे ते म्हणतात. या मताचा एक निकाल प्रसिद्ध आहे. जुलै २०१५ मध्ये, म्हणजे हा खेळ निघण्यापूर्वी, लंडन पुलानजीक हिरवा दिवा असताना एक सायकलस्वार चौकातून जात होता. एक बाई मोबाईलमध्ये पाहत रस्ता ओलांडत होत्या. त्याने भोंगा वाजविला, हाका मारल्या, सायकल वळविली. बाई भानावर येऊन गोंधळल्या, मागे सरल्या, आणि दोघेही बेशुद्ध होऊन पडले. जून २०१९ मध्ये न्यायालयाने दोघांस समसमान दोषी ठरविले. सायकलस्वाराने उलट दावा लावलाच नव्हता, म्हणून त्या बाईंना अर्धी भरपाई म्हणून ४,१६१ पौंड त्याने द्यावयाचे ठरले, आणि वकिलांच्या खर्चाची मागणी या रकमेच्या कितीतरी पटींनी पुढे उभी राहिली. न्यायाधीशांचे म्हणणे असे, की लोक अनपेक्षित रीतीने वागतील याची तयारी सायकलस्वाराने नेहमी ठेवावी.

हे तत्त्व चुकीचे आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वाटेवर मूल धावते, म्हातारा लटपटतो, बहिऱ्याला घंटा ऐकू येत नाही, आंधळ्याला सायकल दिसत नाही. त्यांच्यासाठी वेग आवरणे हा सायकलस्वाराचा धर्मच आहे, आणि जो तो पाळीत नाही त्याची बाजू घेण्यासाठी हा लेख नाही. पण आंधळेपणा आणि डोळेझाक या दोन गोष्टी एकच आहेत काय? आंधळा मनुष्य वाटेवर डोळस माणसाहून अधिक सावध असतो; काठीने तो पुढची जमीन चाचपतो, कानांनी चाकाचा आवाज टिपतो, कडेने चालतो. त्याला जी सवलत आपण देतो ती त्याच्या उणिवेसाठी, आणि तो तिची आपल्या परीने भरपाई करीत असतो म्हणूनही. ज्याला दोन धड डोळे आहेत आणि ज्याने ते आपखुषीने एका कंपनीकडे गहाण टाकले आहेत, त्याने हीच सवलत मागावी, ही दुर्बळांच्या शिध्यावर सुदृढांनी पंगत बसविण्यातली गत झाली. इंग्लंडच्या वाहतूक-संहितेत २९ जानेवारी २०२२ पासून जी नवी श्रेणी आली, तिच्यात ज्याच्या हातून इजा अधिक होऊ शकते त्याच्यावर जबाबदारी अधिक, असे सांगितले आहे. हे वाक्य तोंडपाठ असलेले विद्वान त्यापुढील वाक्य सोयिस्करपणे विसरतात. स्वतःच्या व इतरांच्या सुरक्षिततेकडे लक्ष देण्याच्या कर्तव्यातून यामुळे कोणीही सुटत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आणि या 'कोणीही'त पायी चालणाराही येतो.

दुसरे म्हणतील, 'मोबाईलमध्ये तर हल्ली सारेच पाहतात. बिचाऱ्या खेळालाच का झोडपता?' प्रश्न योग्य आहे, पण उत्तर सोपे आहे. ज्याला निरोप येतो तो बाजूला होऊन, झाडाखाली उभा राहून वाचू शकतो. निरोप कोठे वाचावा हे निरोप ठरवीत नाही. या खेळात जागा आणि वेळ ही दोन्ही खेळणाऱ्याच्या हाती नसतात. जून २०१७ पासून त्यात सामुदायिक चढाया सुरू झाल्या. ठरलेल्या स्थळी ठरलेल्या घटकेस पुष्कळांनी मिळून एखादा मोठा प्राणी पाडावयाचा. पुढे दर बुधवारी सायंकाळी ६ ते ७ हा तास अशा चढायांसाठी नेमण्याची प्रथा पडली. सायंकाळी ६ ते ७! कचेऱ्या सुटून सायकली घराकडे वळतात नेमकी तीच वेळ. वाटेच्या मधोमध वीसपंचवीस माणसे माना खाली घालून उभी आहेत, बोटांनी काच बडवीत आहेत, आणि तुम्ही घंटा वाजविली तर देवळात चपला घालून आल्याप्रमाणे तुमच्याकडे पाहत आहेत, हा देखावा ज्याने अनुभवला आहे त्याला या दोन प्रकारांतला फरक निराळा समजावून द्यावा लागत नाही.

तिसरा पक्ष आरोग्याचा, आणि तो मोठा सात्त्विक आव आणून बोलतो. घरकोंबडी तरुण मंडळी यामुळे चालू लागली, मोकळ्या हवेत आली, हे पुण्य तुम्हांस दिसत नाही काय? 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने डिसेंबर २०१६ मध्ये या पुण्याची मोजदाद छापली. अमेरिकेतील तरुण खेळाडूंची पावले पहिल्या आठवड्यात रोज सरासरी ९५५ ने वाढली. सहाव्या आठवड्यापर्यंत ती पुन्हा मूळ पदावर आली होती. वाटेवरची अडचण मात्र सहा आठवड्यांत ओसरली नाही.

तेव्हा उरतो तो शेवटचा टोला: 'सायकलस्वार तरी कोठले साधू?' नाहीतच. कानात बोंडे खुपसून जाणारे आहेत, हँडलवर मोबाईल बांधून जाणारे आहेत, आणि हाच खेळ सायकलवर बसून खेळणारेही आहेत. खेळाची मोजणी ताशी सुमारे १० किलोमीटरपलीकडच्या वेगाचे अंतर जमेस धरीत नाही. त्यामुळे हे महाभाग वाटेच्या मध्यभागी मुंगीच्या पावलाने, तोल सावरीत, एका हाताने सायकल हाकताना दिसतात. त्यांच्याविषयी आम्हांस तिळमात्र प्रेम नाही. नेदरलँड्ससारख्या सायकलींच्या देशाने १ जुलै २०१९ पासून चालत्या सायकलवर हातात मोबाईल धरण्यास बंदी केली, आणि ते योग्यच झाले. होनोलुलू शहराने ऑक्टोबर २०१७ पासून मोबाईलमध्ये पाहत रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यास दंड लावला. जपानमधील यामातो शहराने जुलै २०२० पासून चालताना मोबाईल पाहण्यास मनाई केली, पण दंड ठेवला नाही. या सर्व उपायांस आमची ना नाही. मात्र ते सारे एका गृहीतकावर उभे आहेत: वाटेवर भांडण आहे ते चालणारा आणि सायकलवाला या दोघांचे. आम्हांला नेमके हेच अमान्य आहे. या भांडणात एक तिसरा पक्ष आहे, तो वाटेवर कधीच दिसत नाही, आणि पैसा मात्र तो मिळवितो.

हा पैसा कसा मिळतो ते पाहा. जपानात जुलै २०१६ मध्ये खेळ आला तो मॅक्डोनल्डच्या सुमारे तीन हजार उपाहारगृहांना खेळातील ठाणी बनवून. भारतात डिसेंबर २०१६ मध्ये तो आला तेव्हा रिलायन्सच्या दुकानांना हाच मान मिळाला. दुकानदाराने कंपनीस पैसे द्यावयाचे ते दारात आलेल्या माणसांच्या भेटींच्या हिशेबाने, असा हा व्यवहार. म्हणजे माणसांचे पाय कोठे वळवावेत याचा बाजारभाव ठरलेला आहे. पाय आपले, वाट नगरपालिकेची, वाट बांधण्याचा खर्च करदात्यांचा, आणि वळविण्याची किंमत कंपनीची! भर रस्त्यात गारुडी खेळ मांडतो तेव्हा पोलीस त्याला हटकतो, कारण गर्दी झाली की वाट बंद होते हे पोलिसाला कळते. या गारुड्याची पुंगी फक्त गर्दीलाच ऐकू येते, तो स्वतः समुद्रापलीकडे असतो, म्हणून त्याला हटकणार कोण?

ज्यांच्यापाशी हटकण्याचे बळ होते त्यांनी हटकले, आणि त्यांचे काम झालेही. सिडनीच्या ऱ्होड्स भागातील एका छोट्या उद्यानाभोवती तीन पोकेस्टॉप एकत्र आल्याने रात्री-अपरात्री शेकडो माणसे जमू लागली; रहिवाशांनी ओरड केली, आणि ऑगस्ट २०१६ च्या प्रारंभी ती ठाणी उठली. हेग नगरपालिकेने कैकदाउन या समुद्रकाठच्या वस्तीसाठी आणि तेथील वाळूच्या संरक्षित टेकड्यांसाठी कंपनीस न्यायालयात खेचण्याची तयारी केली, तेव्हा तेथील प्राण्यांना आळा बसला. अमेरिकेतील घरमालकांनी लावलेला दावा २०१९ मध्ये तडजोडीने मिटला. त्यात घरापासून ४० मीटरांच्या आतील ठाण्याबद्दल मालकाने तक्रार केली तर ते हलविण्याचे कंपनीने कबूल केले. ऑक्टोबर २०१६ मध्ये जपानातील इचिनोमिया येथे खेळात गुंतलेल्या ट्रकचालकाने नऊ वर्षांच्या शाळकरी मुलाचा बळी घेतला. शहराने व मुलाच्या कुटुंबाने मागणी केल्यावर वेगाने जाणाऱ्या वाहनात खेळ चालू नये यासाठी बंधने कडक झाली. या सर्व हकीगतींवरून एकच गोष्ट सिद्ध होते. यंत्रात बदल करता येतो. पण तो ज्याच्यापाशी दरवाजा, वकील किंवा मृत्यू आहे त्याच्यासाठीच केला जातो. सार्वजनिक वाटेने जाणाऱ्याला ४० मीटरांचे कुंपण नाही, कारण ती वाट त्याच्या मालकीची नाही. आणि ती सर्वांच्या मालकीची असल्यामुळे तिच्या वतीने तक्रार करण्यास कोणीही पात्र ठरत नाही.

नगरपालिकांनी पुढाकार घ्यावा म्हणावे, तर मिल्वॉकीचा अनुभव डोळ्यांपुढे आहे. तेथील लेक पार्क या जुन्या उद्यानाची २०१६ च्या उन्हाळ्यात इतकी नासाडी झाली, की कौंटीने २०१७ मध्ये अशा खेळांसाठी आधी परवाना घेण्याचा नियम केला. दुसऱ्याच एका खेळाच्या कंपनीने त्याविरुद्ध दावा लावला, आणि जुलै २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने वाणीस्वातंत्र्याच्या तत्त्वावर त्या नियमाची अंमलबजावणी रोखली. नियम ढिसाळ शब्दांत लिहिलेला होता, हे मान्य. पण वाणीस्वातंत्र्य हे व्याख्यात्यालाही आहे. तरीसुद्धा त्याने सायकलच्या वाटेवर मंच उभारावयाचा म्हटले तर आपण त्याला परवानगी घ्यावयास लावतो, आणि त्याच्या स्वातंत्र्याचा त्यामुळे मुडदा पडला असे कोणी समजत नाही.

कंपनीला वाटा ठाऊक नाहीत, ही सबबही टिकणारी नाही. डिसेंबर २०१७ पासून या खेळातील नकाशा 'ओपनस्ट्रीटमॅप' या लोकांनी मिळून सिद्ध केलेल्या नकाशावरून घेतला जातो, आणि त्या नकाशात सायकलच्या वाटा निराळ्या खुणेने नोंदलेल्या असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर या कंपनीने, खेळाडूंनी काढून पाठविलेल्या स्थळचित्रांच्या आधारे साऱ्या जगाच्या स्थळांचे यांत्रिक ज्ञान आपण सिद्ध करीत आहोत, असे जाहीर केले. खेळाडूचा वेग ताशी १० किलोमीटरच्या वर गेला की अंडे उबणार नाही, एवढी बारीक नजर ज्या यंत्राला आहे, त्याच यंत्राला हा मनुष्य या क्षणी सायकलच्या वाटेवर मधोमध उभा आहे हे कळत नाही, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास कसा ठेवावा? काही पावले बाजूला, हिरवळीवर हो, मग प्राणी दिसेल, एवढे सांगणे त्याला अवघड नाही. ते सांगत नाही, कारण तसे सांगण्यास त्याला कोणी भाग पाडलेले नाही.

आपल्याकडे या खेळाचे वेड पाश्चात्त्यांइतके फोफावले नाही, हे खरे. आपण त्याविरुद्ध न्यायालयात धावण्यात मात्र मागे राहिलो नाही! सप्टेंबर २०१६ मध्ये, खेळ येथे रीतसर आलाही नव्हता तेव्हा, गुजरात उच्च न्यायालयात अर्ज झाला. तक्रार अशी, की देवळांत व इतर प्रार्थनास्थळी या खेळातील अंडी दिसतात आणि त्यामुळे भाविकांच्या भावना दुखावतात. न्यायालयाने नोटिसाही काढल्या. काचेतील अंड्याने देऊळ बाटते याची काळजी वाहणारे आढळले. वाटेने जाणाऱ्याचे हाड मोडते याची काळजी वाहणारा अर्ज आमच्या पाहण्यात आला नाही. पण म्हणून हा प्रश्न परक्यांचा ठरत नाही. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारे होते. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवीत असे; बिनदिव्याच्या सायकलीला आणि डबलसीट जाणाऱ्यांना तेथे दंड होई. आज त्याच शहरात सायकलींसाठी आखलेल्या वाटा उभ्या दुचाक्यांनी, फळांच्या गाड्यांनी आणि राडारोड्याने अडलेल्या दिसतात. त्यातून जी उरलीसुरली पट्टी सापडते, तिच्यावर पायी चालणारा आणि सायकलस्वार या दोन निर्वासितांना मोटारींनी हुसकून लावलेले. त्या पट्टीवर मोबाईलमध्ये डोके घालून चालणाऱ्यांची तिसरी भर आता पडली आहे. कोणी क्रिकेटचा सामना पाहतो, कोणी सोंगट्यांचा डाव टाकतो. उद्या एखाद्या कंपनीने गणपतीच्या दहा दिवसांत पुण्याच्या पेठांतून अशीच शिकार मांडली, तर काय होईल ते सांगण्यास ज्योतिषी नको.

कायद्याचे एक दार मात्र उघडे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली वाहन चालविताना हातात मोबाईल धरणाऱ्यास शिक्षा आहे; परंतु सायकल हे मोटार वाहन नव्हे आणि पादचारी तर वाहनच नव्हे, म्हणून दोघेही त्याच्या बाहेर राहतात. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ मध्ये जी भर पडली, तिने पादचारी आणि यंत्राविना चालणारी वाहने यांच्या सार्वजनिक जागांतील वावराचे नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला आहे. हे नियम लिहिताना चालणाऱ्यास दंड किती आणि सायकलस्वारास किती, यावरच शाई खर्ची पडेल अशी आम्हांस भीती वाटते. त्याऐवजी त्यांत एक कलम असे असावे, की सार्वजनिक वाटेवर माणसांना खेचून आणणारे ठाणे, मग ते दगडाचे असो की काचेतले, ज्याला मांडावयाचे असेल त्याने वाटेच्या मालकाला म्हणजे स्थानिक संस्थेला ते आधी कळवावे. सायकलच्या वाटेपासून ठरावीक अंतराच्या आत ते मांडू नये. आणि तक्रार करण्याचा अधिकार घरमालकाप्रमाणेच त्या वाटेने जाणाऱ्या कोणासही असावा. मिल्वॉकीची चूक टाळावयाची तर नियमाचा रोख खेळाच्या आशयावर न ठेवता जागेवर ठेवावा लागेल. मे २०२५ मध्ये नायँटिकने आपला हा धंदा स्कोपली या कंपनीस साडेतीन अब्ज डॉलरांना विकला, आणि त्या कंपनीची मालकी सौदी अरेबियाच्या सरकारी निधीकडे आहे. विक्रीच्या मालात खेळ होता, खेळाडू होते आणि ठाण्यांची यादीही होती. त्या यादीतील बहुसंख्य ठाणी ज्या जागांवर आहेत त्या विकणाऱ्याच्याही नव्हत्या आणि विकत घेणाऱ्याच्याही नाहीत. त्यांतील सायकलच्या वाटांवरची ठाणी किती, हे तरी नव्या मालकाकडून लेखी मागून घेण्यास आपल्या नगरपालिकांना कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.